कास-चाळकेवाडीच्या फुलांसाठी जुना कॅमेरा: निकॉन डी३१०० घेऊ का कॅनन ११००डी?

सड्यावरची_फुलं, सातारा

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करतेय. प्रकल्पासाठी कास, चाळकेवाडी आणि ठोसेघरच्या बाजूच्या सड्यांवरच्या (खडकाळ पठारांवरच्या) फुलांचे फोटो लागणार आहेत. नुसते सुंदर नकोत, बघून ओळख पटली पाहिजे असे हवेत.

आजवर फोनवर भागवलं. तेरड्याचा गुलाबी पट्टा, सोनकीनं पिवळं झालेलं पठार हे फोनमध्ये झकास येतं. पण सीतेची आसवं किंवा गेंद जवळून घ्यायला गेलं की फोन एक तर मागचं गवत पकडतो, नाहीतर पाकळीच्या कडा इतक्या गुळगुळीत करून टाकतो की कामाचं काही उरत नाही. परवा मॅडमना सीतेच्या आसवांचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "रंग छान आलाय, पण याचा स्पर कुठाय?" स्पर, म्हणजे फुलाची शेपटीसारखी पोकळ नळी, दिसतच नव्हता, त्या जागी जांभळा डाग होता.

माझ्यासमोर दोन सौदे आहेत.

पहिला कराडचा. ओळखीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे कॅनन ११००डी आहे. सोबत १८-५५ आयएस टू आणि ५५-२५० आयएस अशा दोन लेन्स (आकडे झूमचे मिलिमीटर, आयएस म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय), बॅटरी दोन, चार्जर, बॅग. सगळं मिळून ११,००० म्हणतात.

दुसरा इथला, पोवई नाक्याजवळच्या दुकानातला. निकॉन डी३१००, सोबत फक्त १८-५५ व्हीआर (व्हीआर म्हणजे निकॉनचं आयएस), ८,५०० रुपये. बॉडी दिसायला जवळपास नवी आहे आणि दुकानदार महिनाभराची तोंडी हमी देतोय.

यात घरची एक गोष्ट आहे. बाबांकडे फिल्मचा निकॉन एफएम१० आहे, त्याची ५० एमएम १.८ लेन्स अजून स्वच्छ आहे. बाबांचं म्हणणं, "निकॉनच घे, घरची लेन्स लागेल." मलाही ते पटतंय. पण दोन्ही कॅमेरे वापरलेलं कोणी असेल तर सांगा. १२,००० च्या वर एक रुपया जाता येणार नाही.

कराडचा_कट्टेकरी

दोन्ही मॉडेल २०१०-११ ची आहेत. थोडं थांबून डी३२०० शोधा. २४ मेगापिक्सेल आहे, स्क्रीनही डी३१०० पेक्षा कितीतरी स्पष्ट. १२,००० त लेन्ससकट मिळेल का ते मात्र नशीब. घाई नसेल तरच.

कृष्णाकाठचा_फोटोवाला, सांगली

ताई, मी सांगलीचा. गावभागात स्टुडिओत कामाला होतो तेव्हा काउंटरवर डी३१०० असायचा. पासपोर्ट, शाळेचे ग्रुप, बारशाचे फोटो, सगळं त्याच्यावर. माझा स्वतःचा ११००डी होता, तो आता मुलगी वापरते. दोन्ही कॅमेरे हातात खेळवलेत, म्हणून लिहितोय.

आधी उत्तर देतो, मग कारणं. तुमच्या कामासाठी कराडचा सौदा घ्या. आणि तो ११००डी साठी नको, त्याच्याबरोबर येणाऱ्या ५५-२५० साठी घ्या.

बॉडी बॉडीशी लावली तर निकॉन थोडा वरचढच आहे, हे आधीच मान्य करतो. डी३१०० ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर झाला, ११००डी फेब्रुवारी २०११ मध्ये. म्हणजे एकाच पिढीचे. निकॉनचे १४ मेगापिक्सेल, कॅननचे १२. ऐकायला मोठा वाटणारा हा फरक कागदावर किती पडतो ते बघा. ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) छापलं तर कॅननचा फोटो साधारण १४ इंच रुंद येतो, निकॉनचा १५ इंचांच्या थोडा पुढे. तुमचा प्रबंध ए४ वर छापणार, त्याची लांब बाजू पावणेबारा इंच. दोघांतही भागून उरतं. हा मुद्दा इथंच सोडा.

आता लेन्सकडे या, कारण तुमचं सगळं काम तिथं आहे.

कासवर वाट सोडून आत पाय टाकायचा नाही. टाकता येत असला तरी टाकू नये, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे बहुतेक फुलं तुमच्यापासून हात-दीड हात लांब असणार. १८-५५ तिथं काय करते? कॅननची १८-५५ आयएस टू २५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते, पण ते अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं. लेन्सचं टोक फुलाला जवळजवळ टेकायला येतं. वाटेच्या अगदी कडेला उगवलेलं फूल असेल तर ठीक. नाहीतर तुम्ही गवतात गुडघे टेकणार आणि त्या गुडघ्याखाली आणखी चार फुलं जाणार.

५५-२५० एक मीटर दहा सेंटीमीटरवरून फोकस करते आणि तेवढ्या अंतरावर वस्तू सेन्सरवर ०.३१ पट येते. हा आकडा महत्त्वाचा आहे. ११००डी चा सेन्सर २२.२ मिलिमीटर रुंद. त्याला ०.३१ नं भागलं की साधारण ७२ मिलिमीटर. म्हणजे वाटेवर उभं राहून सात सेंटीमीटरचा तुकडा अख्खी फ्रेम भरतो. त्यात एक सेंटीमीटरच्या फुलाच्या वाट्याला ६०० च्या आसपास पिक्सेल येतात. छापल्यावर दोन इंच रुंद, स्वच्छ. तुमच्या मॅडमना स्पर दिसेल.

निकॉनचीही याच जातीची स्वस्त लेन्स आहे, ५५-२०० व्हीआर. तीही एक मीटर दहावरून फोकस करते, पण तिथं वस्तू ०.२३ पटच येते. फ्रेममध्ये दहा सेंटीमीटरचा तुकडा मावतो. शिवाय ती तुम्हाला वेगळी विकत घ्यावी लागेल, म्हणजे ८,५०० चा सौदा ८,५०० चा राहत नाही.

आणि ५५-२५० हाताशी असली की रेनॉक्स डीसीआर-२५० नावाचं क्लोज-अप भिंग नंतर कधीतरी घ्या. लेन्सच्या पुढच्या कडेला चिमट्यासारखं अडकतं, ५२ पासून ६७ मिलिमीटरच्या फिल्टर मापापर्यंत कुठेही बसतं. ते लावून २५० वर झूम केलं की फ्रेमची रुंदी एक सेंटीमीटरच्या जवळ येते. एकटं आसव सगळी फ्रेम व्यापतं. अंतर मात्र बारा सेंटीमीटरवर येतं, म्हणून ते वाटेकडेच्या फुलांसाठी आणि घरी आणलेल्या नमुन्यांसाठी. फोकसची जाडी कागदाइतकी उरते. एफ/११ (बारीक छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर) ठेवायचं, श्वास धरायचा आणि अंदाजानं पुढंमागं झुलत फोटो घेत राहायचं. दहातला एक नेमका लागतो.

आता बाबांची लेन्स. यात बहुतेकांचा समज उलटा असतो, म्हणून नीट सांगतो.

ती ५० एमएम निकॉन डी३१०० वर बसेल. अगदी व्यवस्थित बसेल. पण त्या लेन्सला इलेक्ट्रॉनिक काही नाही आणि स्वस्त निकॉन बॉडीत तिचं छिद्र वाचायची सोय निकॉननं ठेवलेली नाही. त्यामुळे कॅमेरा एम, म्हणजे सगळं हातानं ठरवायच्या मोडवरच चालतो आणि आतला प्रकाशमापक बंद. कुठल्याही दुसऱ्या मोडवर शटर दबतच नाही. खाली डाव्या कोपऱ्यात फोकस लागल्याचा हिरवा ठिपका येतो, एवढीच मदत. ऊन-सावली पळत असलेल्या पठारावर प्रत्येक वेळी अंदाजानं शटर ठरवायचं, फोटो बघायचा, पुन्हा ठरवायचं. जमतं, पण दमवतं.

तीच निकॉनची लेन्स कॅननवर साध्या अडॅप्टरनं बसते आणि तिथं प्रकाशमापक चालतो! ए-व्ही मोड ठेवायचा, छिद्र लेन्सच्या रिंगेवर फिरवायचं, शटर कॅमेरा स्वतः ठरवतो. कारण साधं आहे. निकॉनच्या लेन्सला माउंटपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर लागतं, कॅननच्या बॉडीत ते ४४ आहे. मधल्या अडीच मिलिमीटरांत अडॅप्टरची चकती मावते आणि लेन्स दूरच्या डोंगरापर्यंत फोकस करते. उलटं, कॅननची लेन्स निकॉनवर अशी बसत नाही. म्हणजे घरची निकॉन लेन्स नीट वापरायची असेल तर या दोघांत कॅनन घ्यावा लागतो. बाबांना हे वाचून दाखवा.

तिच्यामागे साध्या पत्र्याच्या एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि बॉडीमधल्या पोकळ नळ्या) लावल्या की ती मॅक्रो लेन्स होते. ५० मिलिमीटरच्या ट्यूबवर वस्तू सेन्सरवर जशीच्या तशी, एकास एक. कॅननच्या स्वतःच्या लेन्समागे अशा बिनतारेच्या ट्यूब लावल्या तर छिद्र उघडंच राहतं, कारण ते विजेवर चालतं. बाबांच्या लेन्सला छिद्राची रिंग हातात आहे, म्हणून तिला ही अडचण नाही. जुनी लेन्स तुमच्याकडे आहे हे मोठं भांडवल आहे.

११००डी च्या उणिवा आता. त्याच्या पकडीला रबर नाही, नुसतं गुळगुळीत प्लास्टिक. धुक्यात, ओल्या हातांनी सटकतो, पट्टा गळ्यातच ठेवा. सेन्सर स्वतः झटकून घ्यायची सोय नाही, त्यामुळे धूळ बसते आणि एफ/११ वर काळे ठिपके दिसतात. हवेचा फुगा बॅगेत लागेलच. व्हिडिओ ७२० पर्यंतच. स्क्रीन २.७ इंची आणि कमी ठिपक्यांचा, त्यावर फोकस लागला की नाही ते साध्या नजरेला कळत नाही, दहापट मोठं करून बघावं लागतं. पण लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवर चालू चित्र बघत) हे दहापट मोठं करणं फारच उपयोगी पडतं. ट्रायपॉड लावायचा, फुलातला नेमका केसर मोठा करायचा आणि रिंग बोटानं हळूहळू फिरवायची. केसराच्या टोकावरचे पराग एकेक सुटे दिसायला लागतात. मी एकदा अंगणातल्या गोकर्णाच्या कळीवर तासभर असा बसलो होतो, घरातली माणसं जेवायला हाका मारत होती.

मेणवलीचा_घाट, वाई

फोटोवाले दादांचं लेन्सचं गणित बिनचूक आहे. तरी डी३१०० ची बाजू कोणीतरी मांडायला हवी, कारण तो चांगला कॅमेरा आहे आणि मी त्याच्यावर बरंच शिकलोय.

एक, स्पॉट मीटरिंग. डी३१०० मध्ये आहे, ११००डी मध्ये नाही. गेंदाची पांढरी बोंडं काळपट ओल्या जांभ्यावर उभी असतात. कॅमेरा सगळ्या फ्रेमची सरासरी काढतो आणि पांढरा भाग जळून जातो. स्पॉट असेल तर थेट त्या बोंडावर माप घेता येतं.

दोन, सेन्सरची सफाई. निकॉन सुरू-बंद करताना सेन्सर हलवून धूळ पाडतो. सड्यावर वाऱ्यात लेन्स बदलणार असाल तर याची किंमत कळेल.

तीन, अंधारा भाग नंतर उजळायचा म्हटलं तर डी३१०० ची फाइल थोडी जास्त साथ देते. त्या काळच्या कॅननमध्ये सावल्या ओढल्या की पट्टे दिसायला लागतात. मेणवलीच्या घंटेचा फोटो मी सावलीतून कसा वर काढलाय ते दाखवू शकतो. आणि व्हिडिओ पूर्ण १०८० चा.

पकडही चांगली. पावसाळ्यात ती लहान गोष्ट नाही.

लेन्सचं म्हणाल तर पुढेमागे निकॉनची ४० एमएम मायक्रो घेता येईल. डीएक्स, म्हणजे अशा लहान सेन्सरच्या निकॉन कॅमेऱ्यांसाठीच केलेली, एकास एक जाते, स्वतःच्या मोटरसकट. जुन्या ५० एमएम डी लेन्सच्या भानगडीत मात्र पडू नका. डी३१०० मध्ये फोकसची मोटर नाही, ती लेन्स त्यावर हातानंच फिरवावी लागते.

कृष्णाकाठचा_फोटोवाला, सांगली

वाईकर, सावल्यांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. देवळाच्या गाभाऱ्याचे फोटो काढणाऱ्याला मीही डी३१०० च सांगेन.

पण गेंदासाठी स्पॉट नसला तरी अडत नाही. ११००डी मध्ये पार्शियल आहे, मधल्या दहा टक्के भागाचं माप घेतो. ५५-२५० नं फूल फ्रेमच्या मध्यावर मोठं घेतलं की ते दहा टक्के फुलानंच भरतात. वर लाइव्ह व्ह्यूमध्ये हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) चालू फोटोतच दिसतो, उजवीकडे टेकला की दोन खाचा कमी करायच्या. ब्रॅकेटिंगही आहे, एकाच फुलाचे कमी-बरोबर-जास्त असे तीन फोटो. डी३१०० मध्ये हे दोन्ही नाही.

ताई, याच्यात एक भर. सोनकी, कवला अशा गडद पिवळ्या फुलांना साधा हिस्टोग्राम फसवतो. एकूण उजेड ठीक दिसतो आणि लाल चॅनेल मात्र भरून वाहिलेला असतो, मग पाकळी म्हणजे पिवळा ठिगळ होतो, शिरा गायब. मेनूत हिस्टोग्राम आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा) करून ठेवा आणि फोटो काढल्यावर लाल रेघ कुठं पोचली ते बघा. आणि सगळं रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) मध्येच काढा.

४० एमएम मायक्रोबद्दल: लेन्स उत्तम आहे. पण एकास एकला तिचं टोक फुलापासून चार सेंटीमीटरच्याही आत येतं. लेन्सचीच सावली फुलावर पडते. टेबलावरच्या नमुन्याला चालेल, सड्यावर नाही.

सड्यावरची_फुलं, सातारा

काका, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. त्यांनी अडीच मिलिमीटरचा भाग दोनदा वाचायला लावला, मग कपाटातून लेन्स काढून रिंग फिरवून बघत बसले. ते आता कॅननला तयार आहेत.

वाईकर दादा, तुमचेही आभार. खरं तर मला दुकानातला निकॉन हातात फार आवडला होता. पण वाटेवरून सात सेंटीमीटर आणि दहा सेंटीमीटर हा फरक माझ्या कामाला मोठा आहे. कंदीलपुष्पं गवतात इतकी लपलेली असतात की जवळ जायचा प्रश्नच नाही.

रविवारी कराडला जाऊन बघणार आहे. जुना कॅमेरा घेताना काय काय तपासायचं? फोटोग्राफरचं दुकान जुन्या पेठेत, नदीकडच्या बाजूला आहे.

कृष्णाकाठचा_फोटोवाला, सांगली

नदीकडच्या बाजूला म्हणालात, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: हा कॅमेरा ऑगस्ट २०१९ मध्ये कुठं होता?

आमच्याकडे त्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ ची. तळमजल्यावरच्या स्टुडिओंची कपाटं पाण्यात होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्यानंतर पुसून, वाळवून बाजारात आलेला माल मी बराच पाहिलाय. वरून चकचकीत, आतून गेलेला. कराडात तर कृष्णा-कोयना दोन्ही. माणूस ओळखीचा आहे, खोटं बोलेल असं मी म्हणत नाही, पण दुकानातल्या मुलानं कुठला कॅमेरा कुठं ठेवला होता हे मालकालाही आठवत नसतं. म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

बॅटरीचं झाकण उघडून आतल्या पत्त्या बघा. हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर तिथंच नमस्कार करून उठा. फ्लॅश लावायच्या खाचेतले बारीक स्क्रू बघा, गंजाचा तांबूस रंग चढला असेल तर पाणी लागलंय. मग झूमच्या रबरी रिंगेची कड नखानं हलकेच उचला. पुराचं पाणी ओसरताना गाळ मागं ठेवून जातं आणि तो गाळ रबराखाली राहतो, कितीही पुसलं तरी. बोटाला पिठासारखा करडा-पिवळा थर लागला तर समजा. मी एका लेन्सवर ही खूण पाहिली, बाकी लेन्स आरशासारखी होती.

लेन्सचं पुढचं-मागचं दोन्ही झाकण काढून मोबाइलची टॉर्च एका बाजूनं तिरकी मारा, दुसरीकडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. साताऱ्याच्या पावसाळ्यात तुम्ही ती आणखी वाढवणार. चार धुळीचे कण असले तर हरकत नाही, ते फोटोत येत नाहीत.

१८-५५ वर 'आयएस' अक्षरं आहेत ना ते वाचा. ११००डी बरोबर बिनआयएसची १८-५५ थ्री पण यायची, दिसायला बहीणच. दोन्ही लेन्सवर आयएस चालू करून शटर अर्धं दाबा, कानाशी बारीक गुणगुण ऐकू येते आणि चित्र क्षणभरात थिजतं.

सेन्सरसाठी एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो, मुद्दाम फोकस घालवून. ठिपके येणारच, पण ते फुग्यानं सरकतात का बघा. सरकले नाहीत तर सफाईचा खर्च किमतीतून वळता करा.

शटर किती वेळा पडलंय हे निकॉनच्या फोटोतच लिहिलेलं असतं, ११००डी च्या नाही. केबल लावून सॉफ्टवेअरनं वाचावं लागतं. लॅपटॉप नेता आला तर न्या. लग्नाचा कॅमेरा आहे, आकडा मोठा असणारच. शटरचा आवाज सलग फोटोंत एकसारखा येतोय का हे मला आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

बॅटरीची चिंता करू नका. एलपी-ई१० आहे, तीच पुढं १२००डी, १३००डी, १५००डी ला वापरली, अजून सहज मिळते.

सड्यावरची_फुलं, सातारा

घेतला! १०,२०० ला.

त्यांचा स्टुडिओ २०१९ ला पहिल्या मजल्यावर होता, खालचं दुकान नंतर घेतलं. तरी सगळं तुम्ही सांगितलं तसं तपासलं. बॅटरीच्या पत्त्या स्वच्छ, रिंगेखाली नुसती नेहमीची धूळ. ५५-२५० च्या आत दोन-तीन कण, तंतू नाहीत. भिंतीच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात ठिपक्यांचा झुबका होता, फुग्यानं बराच गेला, एक चिकट ठिपका राहिला. तो दाखवल्यावर ८०० कमी केले. त्यांनी स्वतःहून कॅमेऱ्यातलं जुनं कार्डही दिलं, पण मी नवं घेणार आहे.

आल्या आल्या गच्चीतल्या कुंडीतल्या अबोलीवर ५५-२५० लावून पाहिली. पाकळीवरच्या शिरा दिसताहेत. फोनमध्ये त्या कधी दिसल्याच नव्हत्या.

आता बाबांच्या लेन्सचा अडॅप्टर. ऑनलाइन दोन प्रकार दिसतात, एक साधा आणि एक चिपवाला. कुठला घेऊ? आणि कॅमेऱ्यात काही सेटिंग बदलावं लागतं का?

मेणवलीचा_घाट, वाई

अभिनंदन! चांगला भाव झाला. पावसाळा संपेपर्यंत कॅमेरा बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि आत सिलिका जेल, रंग बदलणारं घ्या म्हणजे ओल कळते. पठारावरून आल्यावर आधी पुसायचं, पंख्याखाली ठेवायचं आणि मगच डब्यात.

कृष्णाकाठचा_फोटोवाला, सांगली

वा ताई, पहिल्या मजल्यावरचं ऐकून जीव भांड्यात पडला.

चिपवाल्यात फोकस लागला की 'बीप' वाजतो, पण स्वस्त चिपा पुढंमागं चुकीच्या जागी बीप देतात. मॅक्रोत तो एखादा मिलिमीटरच सगळं असतो. साधा घ्या, पितळेचा मिळाला तर उत्तम, आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापटवर फोकस करा. वरती छिद्राच्या जागी '००' दिसेल, घाबरू नका, कॅमेऱ्याला लेन्स ओळखता आली नाही एवढाच त्याचा अर्थ. सेटिंग काही बदलायचं नाही. अडॅप्टरच्या यादीत 'निकॉन एफ लेन्स, कॅनन ईओएस बॉडी' असं त्याच क्रमानं लिहिलंय का ते मात्र दोनदा वाचा. 'जी' लेन्ससाठीचा वेगळा असतो, त्याला छिद्राची दांडी असते. तुमच्या लेन्सला रिंग आहे, तो नको.

फोकस एफ/१.८ ला उघडून करा, मग रिंग मोजून आठवर आणा आणि फोटो घ्या. रिंगेचा प्रत्येक थांबा बोटाला टिक् असा कळतो, डोळा स्क्रीनवरून काढायला लागत नाही.

सड्यावर वारा असतो, तिथं शटर १/२५० च्या खाली जाऊ देऊ नका. त्यासाठी आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ८०० लागला तरी चालेल, हललेल्या फुलापेक्षा दाणेदार फूल ओळखायला सोपं. कंदीलपुष्पाला फोकसचे नऊ ठिपके बंद करून फक्त मधला ठेवा. तोच त्यातला दमदार आहे, बाकीचे गवताच्या पात्यावर उड्या मारतात. एकाच झाडाचा आधी अख्खा फोटो, मग पान वरून, पान खालून, मग फूल समोरून आणि बाजूनं. स्पर बाजूनंच दिसतो.

तोवर घरी तुळशीच्या मंजिरीवर हात बसवून घ्या. फुलं तेवढीच बारीक आणि वाऱ्यानं तशीच हलतात. फोटो इथं टाकाल तेव्हा कापून न घेता पूर्ण फ्रेम टाका, म्हणजे फोकस नेमका कुठं पडला ते बघून सांगता येईल.